शिकारीचं पाल

उस्मानपुऱ्यातली ती खोली मला नाकाच्या जोरावर मिळाली.

मी सोयगाव तालुक्यातल्या एका लहान गावातला, घराण्यातला पहिला बी.ए., शहरातल्या एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलेला. खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालक ओसरीवर खाकी शर्ट घालून बसले होते. शर्टाला चार खिसे आणि चारही खिशांना झाकणं. खाली मात्र धोतर. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. आत जाऊन हातभर जाड कापडाचा तुकडा आणला, माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "सांगा, कसला वास येतो?"

मी वास घेतला. आमच्या घरी जवस पिकायचं. म्हणालो, "जवसाच्या तेलाचा. अन् थोडा मेणाचा."

"तेल किती दिवसांचं?"

"ओलं आहे अजून. आठवडा झाला नसेल."

त्यांनी आत पाहून हाक दिली, "अहो, चहा टाका. भाडेकरू मिळाला." मी पुष्कळ परीक्षा दिल्या आहेत. पहिला वर्ग मला त्याच एका परीक्षेत मिळाला.

गल्लीत त्यांना शिकारीकाका म्हणत. पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, जागीरदारांच्या जागिरी गेल्या, पण शहरात अजून अशी बरीच माणसं होती, ज्यांना ही बातमी कोणी नीट बसवून सांगितलेली नव्हती. काका त्यांतलेच, असं गल्लीचं मत होतं. सकाळी सहाला ते ओसरीवर यायचे, बोट ओलं करून वर धरायचे आणि घरात जाऊन काकूंना सांगायचे, "आज वारा वायव्येचा आहे." काकू "बरं" म्हणायच्या आणि भाजी निवडत राहायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात वाऱ्यामुळे त्यांच्या भाजीला काही फरक पडलेला नव्हता.

माजघराच्या भिंतीवर एक लांबट कातडी पेटी टांगलेली होती. तिचं पितळी बक्कल काका रोज पुसायचे. गल्लीतलं कोणीही आत आलं की त्या पेटीकडे एकदा पाहायचं आणि आवाज खाली आणायचं. एका जागीरदाराच्या पदरी काकांनी बावीस वर्षं काढली होती हे सर्वांना माहीत होतं, तेव्हा पेटीत बंदूक असणार हे उघडच होतं. काका पेटीबद्दल कधी बोलत नसत. त्यामुळे तिचा दरारा वाढतच गेला.

बोलायचे ते मुक्कामांबद्दल. किनवटच्या जंगलातला मुक्काम, अजिंठ्याच्या डोंगरातला मुक्काम. "तीन दिवस पाऊस, मास्तर. बाहेर पोटरीएवढं पाणी. आत सतरंजी कोरडी. हात लावून बघा, कोरडी." असं म्हणून ते समोरच्या फरशीला हात लावायचे आणि आम्हीही लावायचो. त्यांच्या गोष्टीत वाघ असायचा, पण तो जाता जाता. कोणी धीर करून विचारलं की मग वाघाचं काय झालं, तर काका जरा आठवल्यासारखं करायचे. "वाघ? हां. पडला." आणि पुन्हा दोऱ्यांवर यायचे. थोर माणसाचा विनय तो हाच, असं मला वाटायचं. मी माझ्या वर्गातल्या मुलांना तसं सांगितलंही होतं.

ते मांस खात नव्हते. चातुर्मासात कांदासुद्धा बंद. यावर शेजारचे वकील सुरुवातीला हसले होते, पण गल्लीनेच त्यांना गप्प केलं. खरा शिकारी खाण्यासाठी मारत नाही, असं ठरलं आणि काकांचा मान आणखी चढला.

काकांच्या आयुष्यात त्या काळी एकच काम उरलं होतं. शिकारीच्या मुक्कामाला योग्य असं कापड निवडायचं. तंबू म्हटलेलं त्यांना खपत नसे. "तंबू लग्नाचा. राहुटी लष्कराची. शिकारीला पाल," ते सांगायचे. आमच्याकडे आठवडी बाजारात फिरते व्यापारी दोन काठ्यांवर एक चादर टाकून बसतात, त्याला पाल म्हणतात. काकांचं पाल म्हणजे तेच, पण शास्त्रशुद्ध. एक चौकोनी कापड, मध्ये एक खांब, पाठ वाऱ्याला, तोंड उघडं. भिंती नाहीत. भिंतीआड बसलेल्या माणसाला जंगल काय दिसणार, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणताना काका नेहमी माजघरात बसलेले असायचे.

कापडाच्या तीन जाती त्यांनी विचारात घेतल्या होत्या. छावणीच्या बाजारात लष्कराच्या लिलावातलं हिरवं कॅनव्हास मिळे. ते टिकाऊ, पण उचलायला दोन माणसं लागत आणि वाळायला आठवडा. मोंढ्यात मालमोटारींवर टाकायची ताडपत्री मिळे. ती उन्हात अंगाला चिकटे आणि थंडीत पापडासारखी मोडे. तिसरं, डक नावाचं कोरं, जाड सुती कापड. तेच खरं, हे काकांचं ठरलं होतं. पण डकमध्येही वीण किती घट्ट, सूत किती पिळाचं, तेल आधी की मेण आधी, हे ठरत नव्हतं. मी राहायला गेलो तेव्हा ठरत नसल्याला चार वर्षं झाली होती.

मोंढ्यातल्या दुकानदारांना काका लांबून ओळखू यायचे. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. काकांनी ठाण उलगडायला लावलं, उन्हात धरलं आणि त्यातून सूर्याकडे पाहिलं. सूर्य दिसला पाहिजे, पण डोळे मिटावे लागू नयेत, असं माप होतं. मग कापडावर चापट मारून कान लावला. "बोलत नाही," असं म्हणून ठाण परत केलं. दुकानदार म्हातारा होता. त्याने हात जोडून विचारलं, "काका, शर्टाला पाहिजे का लेंग्याला, एकदा सांगून टाका. पाच वर्षं झाली, हे कापड अजून मुकंच हाय."

घरी प्रयोग चालत. काकूंच्या हंड्यात मेण, राळ आणि जवसाचं तेल शिजायचं. अंगणात चार खुंट्यांवर कापड ताणलं जायचं आणि काका स्टुलावर चढून झारीने पाऊस पाडायचे. त्या वेळी आम्ही भाडेकरू आणि काकू असे सगळ्यांनी खाली बसायचं, ही भाडेकराराची एक न लिहिलेली अट होती. सुती कापड पहिलं पाणी पितं. पिऊन सूत फुगतं, भोकं बुजतात आणि मग थेंब आत येत नाही. पण आतून कोणी बोट लावलं की तिथून धार सुरू होते. म्हणून आम्ही सगळे हात मांडीत घेऊन, मान खाली घालून, भर उन्हात पावसात बसलेले असायचो.

अशाच एका दुपारी कन्नडहून एक गृहस्थ मला पाहायला आले. त्यांच्या मुलीसाठी माझं स्थळ कोणीतरी सुचवलं होतं. फाटकातून आत आले तर नियोजित जावई एका फडक्याखाली हात बांधून बसलेला, शेजारी तीन माणसं तशीच, आणि वर एक वृद्ध झारी घेऊन उभे. काकांनी त्यांनाही आत बसायला सांगितलं. ते बसले. त्यांनी मला शिक्षण विचारलं, नोकरी कायम आहे का विचारलं, आणि मग हे काय आहे असं विचारताना बोट वर केलं. ते कापडाला लागलं. पाण्याची धार त्यांच्या टोपीत उतरली. काका वरून म्हणाले, "सांगितलं होतं."

तरीही लग्न ठरलं. पुढे बायकोने मला सांगितलं की घरी गेल्यावर तिचे वडील म्हणाले होते, मुलगा बसवला तिथं बसून राहतो, पोरगी सुखात राहील.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत मी गावी गेलो आणि एक चूक केली. चावडीवर बसलो असताना मी अभिमानाने सांगितलं की माझे घरमालक जुने शिकारी आहेत. त्या वेळी हे फक्त ऐकून सोडून दिलं गेलं. पण होळीच्या सुमारास गावाजवळच्या घळीत एक बिबट्या राहायला आला. आधी त्याने कुत्री नेली, मग शेळ्या, मग पाटलाचं वासरू. ओढ्याकाठच्या शेतात बायका भाकरी घेऊन जाईनात. मुलं शाळेला जाईनात. तालुक्याला अर्ज झाले. तालुक्याने ते जिल्ह्याला पाठवले. जिल्ह्याने बिबट्याचं निश्चित ठिकाण आणि वय कळवावं असं विचारलं. मग गावाला माझी आठवण झाली.

वडिलांनी पोस्टमनकडून पत्र लिहून घेतलं होतं. तू शब्द दिला आहेस, साहेबांना घेऊन ये. मी तसा शब्द दिल्याचं मला आठवत नव्हतं, पण गावात अभिमानाने बोललेलं वाक्य म्हणजे शब्दच. मी पत्र काकांना वाचून दाखवलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. ओढ्याला पाणी किती, दगड कुठला, संध्याकाळचा वारा कसा, असं सगळं विचारलं. मला फार धीर आला. शेवटी म्हणाले, "येऊ. कापडाचं एकदा नक्की झालं की निघू."

उन्हाळा गेला. पावसाळा गेला. कापड नक्की होत नव्हतं. गावाहून पत्रं येत राहिली आणि प्रत्येक पत्रात एक जनावर कमी होत होतं. दसऱ्यानंतर आलेल्या पत्रात वडिलांनी लिहिलं होतं की आपली थोरली गाय नेली. आता दावणीला एकच आहे आणि ती गाभण आहे. ती गेली तर या घरात पुन्हा दुभतं येणार नाही. आमच्या घरी दूध विकून माझी फी भरली गेली होती. ते पत्र खिशात घालून मी काकांसमोर जाऊन उभा राहिलो. इतक्या थोर माणसाला असं बोलणं मला शोभत नव्हतं, तरी म्हणालो, "काका, एकतर बंदूक घेऊन चला, नाहीतर नाही म्हणा. मी गावाला तसं कळवतो."

काकांनी उठून भिंतीवरची पेटी काढली, माझ्यासमोर ठेवली आणि बक्कल उघडलं. आत लाल मखमल होती. मखमलीत बाभळीच्या चोवीस मेखा, तेल पाजलेल्या. एक लाकडी मोगरी. दोरीचं बंडल, दाभण, मेणाचा गोळा.

"बंदूक?" मी विचारलं.

"मी कधी म्हटलं बंदूक?"

मी दोन वर्षांच्या गोष्टी मनातल्या मनात उलटून पाहिल्या. खरंच, ते कधी म्हणाले नव्हते. आम्ही म्हणत होतो.

मग त्यांनी सांगितलं. जागीरदाराच्या फराशखान्यात ते होते. तंबू, कनाती, सतरंज्या, खुर्च्या सांभाळायचं ते खातं. साहेब शिकारीला येणार असले की तीन दिवस आधी जायचं, मुक्काम उभा करायचा. साहेब परतले की गुंडाळायचं. "बंदुकीचा आवाज ऐकलाय," ते म्हणाले. "तोही लांबून."

"मग मी गावाला काय सांगू?"

"सांगा, शनिवारी येतोय." आणि माझा चेहरा पाहून त्यांनी समजावलं, "मास्तर, बावीस वर्षं पाल ठोकलं. पाल लागलं आणि तिसऱ्या दिवशी जनावर पडलं नाही, असं एकदाही झालेलं नाही."

बी.ए.ला मला तर्कशास्त्राचा पेपर होता. या बोलण्यात कुठे चूक आहे ते मला दिसत होतं आणि तिचं नावही पाठ होतं. पण खिशात वडिलांचं पत्र होतं. मी पोस्टात जाऊन कार्ड लिहिलं: शनिवारी येतो. कोण येतो ते लिहिलं नाही. जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही, एवढं मी आज कबूल करतो.

त्या आठवड्यात काकांनी कापड ठरवलं. पाच-सहा वर्षं न ठरलेलं कापड तीन दिवसांत ठरलं, शिवलं गेलं, भिजवून आटवलं गेलं आणि त्याला तेल-मेण चढलं. कायद्याने सगळं व्हावं म्हणून ते जंगलखात्याच्या कचेरीतही गेले. बंदूक नसल्यामुळे शिकारीचा परवाना मागता येत नव्हता. म्हणून त्यांनी पाल लावण्याची परवानगी मागितली. कारकुनाने नियमांचं पुस्तक चाळलं. शिकारीला नियम होता, लाकूडतोडीला होता, चराईला होता, मधालाही होता. पालाला नव्हता. नियम नसल्याने त्याला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. त्याने अर्जावर 'पाहिले' असा शिक्का मारला. काकांनी तो कागद चार खिशांपैकी वरच्या डाव्या खिशात ठेवला.

आम्ही गावात पोचलो तेव्हा वेशीवर पाटील हार घेऊन उभे होते. काकांनी हाराकडे पाहिलं नाही. टाचेने जमीन ठोकत ते सरळ पुढे गेले. पाटलाच्या मळ्यातली काळी जमीन त्यांनी नापसंत केली, तिच्यात मेख ढिली पडते. देवळापुढचं पटांगण नापसंत केलं, तिथं खडक. शेवटी ओढ्याच्या वर, घळीच्या अगदी तोंडाशी ते थांबले. टाच दोनदा मारली आणि खाली बसून माती चुरगाळली. निम्मा मुरूम, निम्मी माती.

वडिलांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ही त्याची पाण्यावर यायची वाट आहे, शहाणा माणूस इथं बसत नाही. मी ते काकांना सांगितलं.

"मेख धरते," काका म्हणाले.

पाल उभं करताना मात्र मी त्यांना प्रथमच पाहिल्यासारखं पाहिलं. सत्तरीला आलेला माणूस, पण एक हालचाल फुकट नव्हती. मोगरीचे तीन ठोके, मेख आत. दोरीला एक झोका, गाठ तयार. अर्ध्या तासात घळीच्या तोंडाशी ते पाल असं ताणून बसलं की वाऱ्याने हुं की चूं केलं नाही. सगळं गाव भोवती उभं होतं. एक म्हातारा उकिडवा बसून सगळं पाहत होता. निजामाच्या काळात जनावर उठवायला डबे-ढोल वाजवत जाणारे हाकेवाले असायचे, त्यांचा तो म्होरक्या होता. शेवटची दोरी ताणली गेली तसा तो पाटलांना म्हणाला, "ह्ये सायब न्हायेत. ह्ये फरास. सायब मागून येत्यात."

आता हे आम्हाला हाकलून देणार, असं वाटलं. पण झालं उलटंच. सगळ्या गावाचा जीव भांड्यात पडला. आतापर्यंत त्यांना कोड्यात पाडणारी गोष्ट हीच होती की साहेब एस.टी.ने कसा आला. आता सगळं जागच्या जागी बसलं. आधी पाल, मग साहेब. तसंच व्हायचं, तसंच होत आलेलं.

दिवस मावळायच्या आत पालापुढे अकरा कोंबड्या बांधल्या गेल्या. दूध आलं, लाकडं आली, साहेबांच्या घोड्यासाठी कडब्याच्या पेंढ्या आल्या. गावातल्या एक-दोन शिकलेल्या तरुणांनी पाटलांना हटकलं, आता लोकशाही आहे, ही वेठ बंद झाली. पाटील म्हणाले, "राज्य गेलं, मान्य. बिबट्या गेला का?" मग तरुणांच्याही घरून एक कोंबडी आली. ती बारावी. काकांनी कोंबड्यांकडे बघितलंही नाही. फक्त त्यांच्या दोऱ्या नीट बांधलेल्या नव्हत्या, त्या सोडून पुन्हा बांधल्या.

दुसरा दिवस असाच गेला. जो भेटेल तो मला विचारी, "गुरुजी, सायब कवा येनार?" मी शिक्षक, खोटं बोलू शकत नव्हतो आणि खरं सांगण्याची वेळ निघून गेली होती. मी "बघू" म्हणायचो. काकांना विचारलं तर ते म्हणायचे, "मुक्काम लागलाय. बाकी होईल." वडील गोठ्याच्या दारात कुऱ्हाड घेऊन बसत.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून तो म्हातारा उठला आणि रिकामा डबा घेऊन घळीच्या वरच्या अंगाला चालू लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तिसरा दिवस हाक्याचा, जनावर उठवायचा, एवढं त्याला माहीत होतं. त्याच्यामागे साठेक माणसं निघाली, कोणाकडे ढोल, कोणाकडे पत्रा, कोणाकडे कुऱ्हाड. त्यांतल्या एका पोरसवद्या गड्याने विचारलं, साहेब आले का? म्हातारा चालता चालता म्हणाला, "आसतील कुठंतरी मचाणावर. सायब कवा दिसलेत?"

दहाच्या सुमाराला वरून आवाज सुरू झाला. मी आणि काका पालाच्या बाहेर, उजव्या दोरीपाशी उभे होतो. काका दोरी बोटाने टिचकी मारून पाहत होते. वडील आणि पाटील पलीकडच्या मोठ्या धोंड्यावर. आवाज जवळ येत गेला आणि घळीतून तो निघाला. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान, आणि अगदी घाईत. मागे डबे, दोन्ही बाजूंना दगड, आणि समोर काकांच्या पालाचं उघडं तोंड, आत गार सावली. तो सरळ आत गेला. मधल्या खांबाला धडकला, खांब आडवा झाला आणि पाच-सहा वर्षं शोधलेलं ते कापड त्याच्या अंगावर बसलं.

मग कापडाखाली एक उंचवटा इकडून तिकडे धावू लागला. तेवढ्यात हाकेवाले येऊन पोचले. साठ माणसं, वीस कुऱ्हाडी, आणि होळीपासून गावाची जनावरं नेणारा प्राणी मधोमध गुंडाळलेला. पाटील धोंड्यावरून उडी मारून आले. कुऱ्हाडी वर गेल्या.

"खाली," काका म्हणाले. "कुऱ्हाड खाली. कापडाला कोणी हात लावायचा नाही."

ते ओरडले नाहीत. पण तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हाकेवाल्यांनी मात्र असा आवाज बापजाद्यांपासून ऐकलेला होता. सगळ्या कुऱ्हाडी खाली आल्या. माणसं दोन पावलं मागे सरली. राज्य जाऊन इतकी वर्षं झाली होती, पण हातांना ते माहीत नव्हतं.

त्या अवधीत कापड टर्रकन फाटलं. बिबट्या बाहेर पडला, कोणाकडेही न पाहता उतार चढून गेला, आणि डोंगराच्या धारेवर त्याची शेपटी एकदा दिसली आणि पलीकडे गेली.

काका गुडघ्यांवर बसले आणि फाटलेल्या जागी दोन्ही हात फिरवून पाहिलं. मग मला जवळ बोलावलं. "शिवण शाबूत आहे, मास्तर," ते म्हणाले. "कापड गेलं. शिवण नाही गेली." इतका समाधानी चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता.

पाटलांनी नंतर जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. ते माझ्या शिक्षणापासून सुरू झालं आणि माझ्या शहरापाशी संपलं. मी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. वडील शेवटी पुढे आले. त्यांनी काकांना एवढंच विचारलं, "परत येईल का त्यो?"

"नाही."

"कशावरनं?"

"मेण अन् जवसाचं तेल अंगाला लागलंय त्याच्या," काका म्हणाले. "हरणाला अर्ध्या कोसावरून वास येईल. इथं उपाशी मरेल तो."

वडिलांनी त्यावर विचार केला. जवसाचं तेल त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि गायीला पाणी पाजायला गेले.

बिबट्या परत आला नाही. तेलामुळे, डब्यांमुळे, की त्याला आमच्या गावाचा उबग आला म्हणून, मला सांगता येणार नाही. संक्रांतीला गाय व्याली. आई ओढ्याकाठच्या शेतात भाकरी घेऊन जाऊ लागली. गावात मात्र वाद चालूच राहिला. निम्म्या लोकांचं मत, साहेब वेळेवर आले असते तर मेला असता. उरलेल्यांचं मत, साहेब आले होते, मचाणावर होते, पण गोळी चुकली आणि लाजेने न सांगता गेले. साहेब नव्हतेच, असं म्हणणारा एकही निघाला नाही. मी दोनदा सांगून पाहिलं. मास्तर लोकांना पुस्तकापलीकडचं कळत नाही, असं ठरलं.

काकांनी पाल उस्मानपुऱ्यात आणून त्याला ठिगळ लावलं. त्या कामाला त्यांना चार महिने लागले, कारण ठिगळाचं कापड मिळत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी दोन शेतकरी पत्ता शोधत आले. डोंगरापलीकडच्या गावचे होते. त्यांच्याकडे बिबट्या आला होता. आमच्या गावच्या लोकांनी त्यांना सगळी हकीकत सांगून इकडे पाठवलं होतं. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि वारा, पाणी, दगड विचारायला सुरुवात केली, पण त्यांतला वडीलधारा अवघडून म्हणाला, "सायब, तुमाला तरास नको. तुमी नाय आलं तरी चालंल. नुस्तं पाल द्या."

मला काकांकडे पाहवेना. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचा मुक्काम उभा केला, त्याला आता मुक्कामालाही नको म्हणत होते. पण काका उठले. आत जाऊन पाल घेऊन आले. मग दुपारपर्यंत त्यांनी त्या दोघांना अंगणात ते सहा वेळा लावायला आणि सहा वेळा काढायला लावलं. मेख कशी तिरपी मारायची, दोरी कुठे ढिली सोडायची, पाठ कुणीकडे, तोंड कुणीकडे. ते चुकले की काका रागावत नव्हते, पुन्हा सांगत होते. काकू मध्ये दोनदा चहा देऊन गेल्या. सहाव्या वेळी पाल नीट ताणून बसलं, तेव्हा काकांनी त्यावर चापट मारून पाहिली आणि मान हलवली.

दोघांनी पाल गुंडाळून डोक्यावर घेतलं. फाटकापाशी जाऊन वडीलधारा परत वळला. एक गोष्ट विचारायची राहिली होती.

"सायब, पाल लागल्यावर सायब म्हनून कोनाला बोलवावं?"

काका विचारात पडले. कापड सोडून दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर त्यांना इतका वेळ थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कोणाला नको," ते म्हणाले. "साहेबाचं तिथं काही काम नसतं. हाका नीट उठवा, अन् वाट मोकळी ठेवा."